आबा गावाला गेलेत

मारुतीआण्णा चौगुले पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी ना माझं नाव विचारलं, ना आम्ही कुठले ते. दारात चपला काढल्या, सरळ सोफ्यामागच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले, मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे, आणि हळहळून म्हणाले, “उपाशी ठेवलीया की वो भिंत!”

मला वाटलं, भिंतीला ओल आलीय असं काहीतरी म्हणताहेत. कळंब्याच्या बाजूच्या या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. निम्मी खोकी अजून उघडायची होती. माझा नवरा अभिजित मूळचा कोल्हापूरचाच, पण मी नाशिकची आणि लग्नानंतरही आम्ही तिकडेच राहिलो होतो, त्यामुळे इथली माणसं मला नवीन होती. मी घाईघाईने म्हणाले, “रंग मागच्याच महिन्यात दिलाय हो.”

“रंग म्हंजे आंघोळ झाली. मी जेवणाचं इचारतोय,” आण्णा म्हणाले. “आंघोळ घालून माणसाला तसंच बसवता काय?”

एवढं बोलून ते निघाले. दारात चपला घालताना आठवण झाली तसं वर बोट करून म्हणाले, “मी वरच्या मजल्याव ऱ्हातोय. चौगुले. चित्र आणायचं झालं की हाक मारा. मला सोडून आणू नका.”

आण्णांची उभी हयात साखर कारखान्यात काट्यावर गेली. काटा म्हणजे उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं वजन करायची जागा. तिथे क्लार्क म्हणून बसून बसून त्यांच्या नजरेत म्हणे एक काटाच बसला होता. भिंतीवरचं काहीही वाकडं दिसलं की त्यांना राहवायचं नाही. “वाकडं दिसलं की सरळ करायचं,” असं म्हणायचे. आणि हा नियम ते आपल्या घरापुरता ठेवत नसत. बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरून त्यांनी त्याच्या डोक्यामागचं सर्टिफिकेट सरळ केलं होतं, आणि मॅनेजरला “बसा, बसा, तुमचं चालू द्या” असं वर सांगितलं होतं. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापसाचे बोळे असताना ते खुर्चीतून उठले. डॉक्टर घाबरला, त्याला वाटलं भूल उतरली. आण्णांनी समोर लावलेलं दाढांचं चित्र नीट केलं आणि पुन्हा येऊन आ वासून बसले.

त्यांची बायको शालनकाकू या सगळ्याला कंटाळलेली होती, पण सांगताना तिला हसूही आवरायचं नाही. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, याची मला सवय काकूनेच लावली. “मी तुला सांगतो,” ती म्हणाली, “एकदा मयताच्या घरी भेटाय गेलतो. समदी रडाय लागल्यात. ह्येंनी उठून हार घातलेला फोटो सरळ केला, मागं सरकून बघितलं, आन् मोठ्यानं म्हणलं, हां, आत्ता बरं वाटाय लागलं. मी पदर तोंडात कोंबून भाईर पळालो.”

सोफ्यामागच्या भिंतीवर काय लावायचं यावरून माझं आणि अभिजितचं आधीच वाजलेलं होतं. त्यामुळे तिसरा माणूस मध्ये असलेला बरा, म्हणून आम्ही खरंच आण्णांना हाक मारली. आणि मग फ्रेमवाल्यांच्या दुकानांत जी यात्रा सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही.

पहिल्या दुकानात धावत्या घोड्यांचं मोठं चित्र होतं. दुकानदार म्हणाला, फार शुभ असतं, घरोघरी जातं. आण्णांनी एक डोळा मिटून बघितलं. “ही घोडी निघाल्यात कुणीकडं?”

“पुढं,” दुकानदार म्हणाला.

“म्होरं म्हंजे दाराकडं. म्हंजे ह्यांच्या घरातनं पळून चालल्यात. उलट्या भिंतीला लावली तर थेट सैपाकघरात घुसणार. हिनं सैपाक करायचा का घोडी हाकलायची?”

दुसऱ्या दुकानात धबधबा आवडला, मला मनापासून आवडला. आण्णांनी विचारलं, “रातच्याला ह्यो बंद कसा करायचा?”

“आण्णा, चित्र आहे. त्याला कुठला आवाज?”

“आज न्हाय येणार. म्हैनाभर सोफ्याव बसा, मग सांगा.”

डोळे मिटलेल्या बुद्धाच्या चित्रापुढे मात्र त्यांनी हात जोडले. जोडून झाल्यावर हळू आवाजात मला म्हणाले, “ह्यास्नी न्यायचं आन् म्होरं टीव्ही लावायचा. त्येंच्या डोळं मिटण्याला काय किंमत ऱ्हाणार? इथंच असू द्यात शांत.”

शेवटी अभिजित वैतागला आणि त्याने मला न विचारता ऑनलाइन एक भलंमोठं कॅनव्हास मागवलं. नारिंगी आणि निळ्या रंगाचे फराटे, मध्ये एक काळा ठिपका. खोकं उघडताना आण्णा हजरच होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि काळजीने म्हणाले, “वाटंत सांडलं काय ह्यात?”

मला वाटलं होतं, ते लगेच परत पाठवायला लावतील. पण नाही. इथे मला त्यांचा दुसरा नियम कळला. चित्र कितीही भिकार असो, आल्या दिवशी परत पाठवायचं नाही आणि कितीही सुंदर असो, आल्या दिवशी टांगायचं नाही. “आधी नांदू दे. सून आणली की पहिल्याच दिवशी भाकऱ्या थापाय बसवता काय? घर बघू दे तिला. घरानं तिला बघू दे. मग खिळा.”

तर ते कॅनव्हास जेवणाच्या टेबलाशी एका खुर्चीवर बसवलं गेलं. आम्ही दोघं जेवायचो आणि तिसऱ्या खुर्चीवर फराटे. रोज संध्याकाळी आण्णा जिना उतरून यायचे आणि दारातूनच विचारायचे, “काय म्हणतंय?” पहिल्यांदा मला हसू यायचं. मग एके दिवशी माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेलं, “आज जरा कटकट करतंय.” आण्णांनी गंभीरपणे मान हलवली. त्यांनी ते उलटं करून बघितलं, आडवं करून बघितलं, आणि शेवटी निकाल दिला, “पावणा वाईट न्हाय. पर ह्यो बोलंना झालाय, नुसता वरडतोय.” अभिजितनेच ते मुकाट्याने खोक्यात भरलं. जेवताना त्याचंही डोकं दुखायला लागलं होतं.

आमचं चित्र अखेर एका रविवारी बागेत मिळालं. तिथे काही चित्रकार आपली कामं झाडांना टेकवून बसले होते. नदीचा घाट, दुपारचं ऊन, पायऱ्यांवर वाळत टाकलेलं एक लाल लुगडं आणि पाण्यात बसलेली म्हैस. मी थांबले ती थांबलेच. आण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले.  मग म्हणाले, “म्हस आपल्याकडं बघतीया.”

“हो ना?”

“न्या.”

ते चित्रही खुर्चीवर नांदलं. आणि नांदता नांदता मला दिसायला लागलं की सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं की ते लुगडं जास्त लाल होतं, आणि संध्याकाळी ट्यूब लावली की म्हैस जवळ आल्यासारखी वाटते. इतकी वर्षं मी घरांमधून राहिले, पण भिंतीकडे बघत चहा प्यायला बसण्याची अक्कल मला आण्णांनी दिली.

टांगायच्या दिवशी अभिजित ड्रिल घेऊन स्टुलावर आणि आण्णा घरभर. त्यांनी दारातून बघितलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून बघितलं, खाली मांडी घालून बघितलं. मग दिवाणावर आडवे झाले. “आण्णा, झोपून कशाला?” मी विचारलं.

“घर हाय. कवातरी कोण आजारी पडणारच की. त्यानं काय बघायचं मग? नुसतं छत?” आणि आडवं पडूनच अभिजितला हुकूम, “डाव्या अंगाला. जरा. सूतभर... अरं सूत म्हणलो मी, फूट न्हवं!”

आभार मानायला म्हणून त्या संध्याकाळी मी बासुंदी घेऊन पहिल्यांदाच त्यांच्या घरी वर गेले. आण्णांच्या भिंती कशा असतील याची मला फार उत्सुकता होती. भिंती खरंच भरलेल्या होत्या. देव, नातेवाईक, कारखान्याच्या निरोपसमारंभाचा फोटो, काकूने विणलेला मोर, सगळं कसं एका रेषेत. पण दारासमोरची, घरातली सगळ्यात चांगली भिंत रिकामी होती. मधोमध एक जाडजूड खिळा, आणि त्याच्या खाली भिंतीचा उभा चौकोन बाकीच्या रंगापेक्षा फिका. मी तिथे बघतच राहिले.

“आण्णा, ही भिंत उपाशी कशी?”

आण्णा बासुंदीत चमचा फिरवत म्हणाले, “आबा गावाला गेलेत.”

“आबा कोण?”

“आमचं वडील.”

मी मनात हिशोब केला. आण्णाच सत्तरीच्या पुढचे. “अरे वा! तब्येत कशी आहे त्यांची?”

“त्येंच्या तब्येतीला काय धाड भरलीया? पाडव्याला येत्यात.”

मी खाली येऊन अभिजितला सांगितलं की वरचे म्हातारे आजोबा पाडव्याला येणार आहेत, तीन मजले चढणार कसे बिचारे, आपण एक खुर्ची मधल्या जिन्यात ठेवूया. पाडव्याच्या सकाळी मी खरोखरच प्लास्टिकची खुर्ची घेऊन जिन्यात उभी होते. खाली रिक्षा थांबली. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा उतरला, पण त्याला कुणी धरलं नव्हतं. उलट त्यानेच एक मोठं, चपटं, वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. एकेक पायरी दोनदा तपासून तो वर येत होता. मी म्हणाले, “आबा, बसा जरा.”

तो म्हणाला, “आबा ह्यो आतला. मी पांडबा.”

वर दारात शालनकाकू पोट धरून हसत होती. वाकळ सुटली आणि आतून निघालं एक तैलचित्र. डोक्याला गुलाबी फेटा, एक हात खुर्चीच्या पाठीवर, भरघोस पांढऱ्या मिशा, आणि डोळे असे की आता काहीतरी बोलतील. कोल्हापूरच्याच एका चित्रकाराने आबांना समोर उभं करून काढलेलं.

काकूने मला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. आण्णा थोरले, पांडबा धाकटे. गडमुडशिंगीला त्यांची शेती. आबा गेल्यावर वाटणी झाली. जमीन वाटली, म्हशी वाटल्या, तांब्याची भांडी वाटली. मधल्या बांधाच्या एका कोपऱ्यावरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. “पुढं त्यो बांध, त्यो कोपरा, समदं रस्त्यात गेलं,” काकू म्हणाली, “भांडण तेवढं ऱ्हायलं.” सगळं वाटून झालं, पण आबांचं चित्र काही कापता येईना. तेव्हा गावातल्या चार जाणत्यांनी बसून ठरवलं, आबांनी पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत थोरल्याकडे राहायचं आणि दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत धाकट्याकडे. आण्णांना ते सोयीचं पडलं. कारखान्याचा सीझन दसऱ्यानंतर सुरू व्हायचा, त्या दिवसांत त्यांना आबांकडे बघायला वेळ नसायचा. ज्याच्याकडे आबा असतील त्याने स्वतः नेऊन पोचवायचे, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, एवढी एक अट.

“मग आज दोघं बोलणारच नाहीत?” मी विचारलं.

“बघ की गंमत,” काकूने मला चहाचा ट्रे दिला.

बाहेर आबा खिळ्यावर चढले होते. आण्णा आणि पांडबा खोलीच्या दोन टोकांना दोन खुर्च्यांवर बसले होते. दोघांचीही तोंडं आबांकडे.

“आबा,” पांडबा चित्राला म्हणाले, “पोचवलं बघा तुमास्नी. वाटंत कुठं धक्का न्हाय.”

“आबा,” आण्णा चित्राला म्हणाले, “एवढ्या उन्हाचं येताना टोपीखाली रुमाल घालावा माणसानं.”

“आबा, कालवड गाभण हाय.”

“आबा, मागल्या खेपंला बी ह्येच सांगिटलंतं.”

“ती म्होरली, आबा. ही दुसरी.”

“आबा, धाकट्याच्या रोहितच्या लग्नाचं कुठवर आलं?”

“पोरी बघाय लागलोय, आबा. पर त्याला कोण पटंना. थोरल्यांच्या वळखीत कोण असंल तर बघा म्हणावं.”

मी ट्रे घेऊन मध्येच उभी. कुणाला आधी कप द्यावा ते कळेना, म्हणून मी आबांकडे बघितलं. तेही कुणाची बाजू घेत नव्हते. असं अर्धा दिवस चाललं. उसाची लागवड, रक्तदाब, काकूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळ्या बातम्या आबांच्या कानावर घातल्या गेल्या. जेवणं झाली, तीसुद्धा आबांच्या समोर. मग पांडबा उठले, चित्राला नमस्कार केला, वाकळ काखेत मारली आणि निघाले. आण्णा त्यांच्या मागे खाली गेले नाहीत. गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी डोकावून बघितलं तर रिक्षा केव्हाच वळून गेली होती, आण्णा अजून तिथेच.

त्यानंतरचा उन्हाळा, पावसाळा आण्णा मोठ्या मजेत होते. “आज आबांचा मूड बरा हाय” असं म्हणत खाली यायचे. बिल्डिंगमधलं एकही कॅलेंडर त्यांनी वाकडं राहू दिलं नाही.

दसऱ्याला थोडे दिवस राहिले असताना पांडबांचा मुलगा रोहित पेढे घेऊन आला. पेढे लग्नाचे नव्हते. हुशार, हसतमुख मुलगा, एमआयडीसीत चांगल्या नोकरीला. मी तेव्हा काकूजवळ भाजी निवडत बसले होते. रोहितने मोबाइल काढून आण्णांपुढे धरला. गेल्या हिवाळ्यात आबा गावाला असताना त्याने एका स्टुडिओत नेऊन चित्र स्कॅन करून घेतलं होतं. आता त्याची तशीच्या तशी, त्याच मापाची प्रत त्यांच्या घरात भिंतीवर लागली होती.

“ओरिजिनल तुमच्याकडं, काका. कायमचं. कॉपी आमच्याकडं. आता न्यायचं न्हाय, आणायचं न्हाय. विषय संपला!”

“बाबा काय म्हणला?” आण्णांनी विचारलं.

“बाबा काय म्हणणार? त्यास्नी आता तुमचा जिना झेपत न्हाय. पाडव्याला घरी आलं ते दोन दिस झोपूनच होतं.”

“कवापास्नं?”

“झालं की वरीस. गुडघं.”

आण्णांनी पेढा हातातच धरला होता. तो त्यांनी पुन्हा बॉक्समध्ये ठेवला. काकू म्हणाली, “चांगलं केलंस रं पोरा.” मीही म्हणाले, छान झालं, शिवाय मूळ चित्र तुमच्याकडेच राहतंय. आण्णा म्हणाले, “व्हय. चांगलं झालं की.” आणि आत निघून गेले.

पुढच्या दिवसांत आण्णा खाली आले नाहीत. एकदा मीच दही मागायच्या निमित्ताने वर गेले आणि त्यांना चहाला घेऊन आले. आमच्या कामवालीने जाळी काढताना म्हशीचं चित्र चांगलंच तिरकं करून ठेवलं होतं. मी मुद्दाम ते तसंच ठेवलं होतं. आण्णा त्याच्याच समोर बसले, चहा प्यायले आणि उठून गेले. त्यांना ते दिसलंच नाही. मी अभिजितला म्हणाले, काहीतरी बिघडलंय.

दसऱ्याच्या सकाळी बेल वाजली. दारात आण्णा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि छातीशी जुन्या चादरीत गुंडाळलेले आबा. मागे काकू, नवी साडी नेसलेली, माझ्याकडे बघून काही बोलू नको अशी खूण करत असलेली.

“अभिजित, गाडी काढतोस काय? मुडशिंगीला जायाचं हाय.”

अभिजित गोंधळला. “आण्णा, पण आता गरज काय? त्यांच्याकडे आहे ना कॉपी.”

“आज दसरा हाय न्हवं?” आण्णा म्हणाले. एवढंच.

मी अभिजितच्या हातात किल्ली दिली आणि स्वतःही चप्पल घातली. मागच्या सीटवर एका बाजूला काकू, एका बाजूला मी, मध्ये आबा. आण्णा पुढे. एरवी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यासुद्धा वाकड्या दिसल्या की गाडी थांबवायला लावणारा माणूस, त्या दिवशी मुडशिंगी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसला होता.

पांडबांच्या घरापुढे झेंडूचं तोरण होतं. गाडी थांबताच रोहित बाहेर आला. आण्णा चादरीतले आबा घेऊन उतरले. रोहितने बघितलं आणि तो हसायलाच लागला.

“काका, ह्यो कशाला आणला? आपलं ठरलंतं न्हवं?”

दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर आबांची प्रत दिसत होती, नवी कोरी, चकचकीत, अगदी सरळ लावलेली. आण्णा उंबऱ्याबाहेर थांबून तिच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ते काहीतरी काढतील. घोड्यांना, धबधब्याला, बुद्धाला नावं ठेवणारा माणूस. त्यांनी तोंड उघडलं सुद्धा. “त्ये... मिशांचा रंग जरा...” आणि थांबले. मिशांचा रंग बरोबर होता.  ते दारात तसेच उभे राहिले, हातात आबा, आणि रोहित त्यांच्या उत्तराची वाट बघत.

आतल्या खाटेवरून कुणीतरी उठत असल्याचा आवाज आला. पांडबा भिंतीला धरून धरून बाहेर आले. एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी आधी चादरीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या प्रतीकडे बघितलं. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सरळ आण्णांच्या तोंडाकडे बघितलं.

“आबाला बसू दे गाडीत,” ते म्हणाले. “तू ये आत, दादा. बस.”

रोहितचं हसू तोंडावरच राहिलं. काकूने माझं मनगट पकडलं. आण्णांनी मागे वळून चित्र अभिजितच्या हातात दिलं, एरवी ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत, आणि आत गेले.

आम्ही ओसरीवर बसलो. आतून आवाज येत होते.

“डाक्टरला दावलंस का?”

“दावलं की.”

“मग?”

“आपरेशन म्हणतोय.”

“मला का सांगिटलं न्हाईस?”

“कुणाकडनं सांगू? आबा तुझ्याकडं हुतं!”

 मग ताटं वाढली गेली, आम्हाला ओसरीवरच. आणि जेवणं होता होता एकदम आरडाओरडा सुरू झाला. बांध! बांधाचा तोच कोपरा! कुणी आधी फावडं घातलं, कुणी कुणाला काय म्हटलं, सगळं खणून काढलं जात होतं. मी घाबरून उठले. आत जाऊन मिटवायला हवं असं मला वाटलं.

काकूने मला हाताला धरून खाली बसवलं. ती भाकरीचा तुकडा मोडत होती, डोळे भरलेले होते आणि तरी हसत होती.

“भांडू दे गं,” ती म्हणाली. “लई वर्सांनी भांडाय लागल्यात.”

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. पांडबा काठी टेकत गाडीपर्यंत आले. आण्णांच्या हातात त्यांनी आपट्याची पानं ठेवली आणि शेंगांची एक पिशवी. आण्णा गाडीत बसले तरी ते दाराला धरून उभेच होते. शेवटी आण्णा काच खाली करून म्हणाले, “जा आत. उभं ऱ्हाऊ नगंस त्या पायाव.”

उजळाईवाडीच्या पुढे आल्यावर आण्णा म्हणाले, “आयतवारी येतो म्हणलोय मी पांडूला. डाक्टरकडं न्यायचा हाय.”

“सोडतो की मी,” अभिजित म्हणाला. “आबांना पण घ्यायचं का बरोबर?”

आण्णांनी मागे वळून बघितलं. चादर सरकली होती आणि माझ्या खांद्याशी आबांचा गुलाबी फेटा तेवढा दिसत होता. त्यांनी हात लांबवून चादर नीट ओढली.

“नगं,” ते म्हणाले. “आबा दमलेत आता. ऱ्हाऊ देत घरात.”